विमानतळाचे ॲप बनवताना सुरुवात उंबऱ्यापासून करा: कोल्हापूरच्या प्रवाशासाठी डिजिटल सेवा घडवण्याचे टप्पे

विमान प्रवाशांसाठी ॲप किंवा संदेशसेवा तयार करणाऱ्या कोल्हापूर परिसरातील विद्यार्थी गटांचे आणि लहान कंपन्यांचे आराखडे मी गेली काही वर्षे तपासतो आहे. बहुतेक आराखड्यांत एकच चूक पुन्हा पुन्हा आढळते. काम पडद्यापासून सुरू होते, रंग आणि चिन्हे ठरतात, टर्मिनलचा नकाशा काढला जातो, आणि माहिती कुठून येणार व ती कोणाच्या हाती पडणार हा प्रश्न अगदी शेवटी विचारला जातो. मुंबईच्या टर्मिनलमध्ये गेट शोधत चालावे लागते, म्हणून तेथे नकाशाला अर्थ आहे. उजळाईवाडीच्या छत्रपती राजाराम महाराज विमानतळावर प्रवासी आत शिरला की त्याला काउंटर समोरच दिसतो. त्याची खरी अडचण त्याआधीची असते: गडहिंग्लजहून किती वाजता निघायचे, उड्डाण लांबल्याचे कोण कळवणार, आणि शिरोलीच्या पुलावर पाणी आले असेल तर काय करायचे. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. क्रम बदलला की आधीचे काम पुन्हा करावे लागते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पूर्वतयारी: पडदा काढण्यापूर्वीचे दोन आठवडे

पहिल्या आठवड्यात किमान दहा प्रवाशांशी बोलावे. त्यांत इचलकरंजीचा व्यापारी, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील अभियंता, पहिल्यांदाच विमानात बसणारे आजी-आजोबा, लहान मूल घेऊन निघालेली आई आणि चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती असावी. ‘ॲपमध्ये तुम्हाला काय हवे?’ हा प्रश्न विचारू नये, कारण त्याला सगळे सौजन्याने उत्तर देतात आणि ते उत्तर कामाचे नसते. ‘गेल्या वेळी घराला कुलूप लावल्यापासून विमानात बसेपर्यंत काय काय झाले, ते क्रमाने सांगा’ असे म्हणावे आणि मध्ये न बोलता ऐकावे. फोन कोणी पाहिला, कोणाला लावला, कुठे थांबून विचारले, हे वेळेसह टिपून घ्यावे.

दुसऱ्या आठवड्यात विमानतळाच्या प्रशासनाला लेखी पत्र द्यावे. त्यात आपण कोण, काय पाहू इच्छितो, किती जण येणार आणि कोणती माहिती लागणार, हे स्पष्ट असावे. उत्तर येईपर्यंत निरीक्षण प्रवेशद्वाराबाहेर, गाड्या थांबतात तेथे करावे. तेथेही पुष्कळ कळते.

सावधान: सुरक्षा तपासणीच्या भागात फोटो किंवा चित्रीकरण करू नये. ‘अभ्यासासाठी’ असे सांगून ते चालत नाही आणि पुढच्या सगळ्या परवानग्या अडकतात.

टप्पा १: प्रवासाची पट्टी मांडा आणि दोन फोन ओळखा

मिळालेल्या कहाण्या एका लांब कागदावर डावीकडून उजवीकडे मांडाव्यात: तिकीट काढणे, सामान भरणे, घरातून निघणे, रस्ता, प्रवेशद्वारावरील तिकीट व ओळखपत्राची तपासणी, चेक-इन, सुरक्षा तपासणी, प्रतीक्षा, बोर्डिंग. प्रत्येक ठिकाणाखाली दोन ओळी लिहाव्यात. एकीत प्रवाशाच्या मनातील प्रश्न त्याच्याच शब्दांत असावा, दुसरीत त्या क्षणी त्याचा हात कशात गुंतलेला आहे ते असावे. ‘मसाल्याची बरणी हातातल्या बॅगेत चालेल का?’ हा प्रश्न सामान भरताना पडतो. त्याचे उत्तर चेक-इनच्या पडद्यावर ठेवून उपयोग नाही, कारण तोपर्यंत बॅग बांधून झालेली असते.

याच कागदावर आणखी एक गोष्ट ठळक दिसू लागेल, आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मी तोच मानतो. आपल्याकडे तिकीट काढणारा आणि प्रवास करणारा हे अनेकदा वेगळे असतात. मुलगा बंगळूरला नोकरीला असतो, तिकीट तो काढतो, मोबाइल क्रमांक त्याचा दिला जातो, आणि आई-वडील चंदगडहून निघतात. आमच्या एका चाचणीत उड्डाण लांबल्याचा संदेश वेळेवर गेला होता. तो मुलाच्या फोनवर पडला, मुलगा बैठकीत होता, आणि वडील सकाळचे जेवणही न करता घाईने निघून विमानतळावर तीन तास बसून राहिले. आमच्या नोंदवहीत तो संदेश ‘पोहोचला’ असाच नोंदला गेला होता.

म्हणून नोंदणीतच दोन क्रमांकांची जागा ठेवावी: ‘तिकीट काढणाऱ्याचा’ आणि ‘निघणाऱ्याचा’. दुसरा क्रमांक साध्या, बटणांच्या फोनचा असू शकतो हे गृहीत धरावे. सोडायला येणाऱ्या गाडीवाल्याचा क्रमांक ऐच्छिक ठेवावा. वडापने (सामायिक जीपने) किंवा एसटीने येणाऱ्याला तो नसतोच.

तपासणी: पट्टीवरील प्रत्येक प्रश्नासमोर ‘हा प्रश्न कोणाच्या फोनवर सुटेल?’ याचे उत्तर लिहिलेले आहे का? एकही जागा रिकामी असेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा २: माहितीचा उगम आणि तिचे वय ठरवा

आता प्रत्येक उत्तरासाठी माहिती कुठून येणार याची यादी करावी. उड्डाणाची वेळ विमान कंपनीकडून किंवा विमानतळाच्या प्रणालीतून मिळते. सामानाचे नियम नागरी विमान सुरक्षा ब्युरो आणि संबंधित विमान कंपनी यांच्याकडून येतात, तर प्रवाशाचे हक्क नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांतून. रस्त्याची स्थिती नकाशा सेवेवर आणि पूरकाळात जिल्हा प्रशासनाच्या सूचनांवर अवलंबून असते. प्रत्येक उगमापुढे ‘ही माहिती किती वेळाने शिळी होते?’ हे लिहावे. उड्डाणाची स्थिती काही मिनिटांत शिळी होते, सामानाचा नियम महिनोन्‌महिने टिकतो.

या टप्प्यावर तीन चुका ठरलेल्या आहेत.

पहिली चूक शिळ्या माहितीची आहे. फीड, म्हणजे उड्डाणांच्या माहितीचा आपोआप येणारा ओघ, बंद पडते, सर्व्हरवर शेवटची नोंद ‘वेळेवर’ अशी असते, आणि ॲप तासन्‌तास आत्मविश्वासाने ‘वेळेवर’ दाखवत राहते. प्रवाशाला ‘माहिती नाही’ हे उत्तर परवडते, खोटे ‘वेळेवर’ परवडत नाही. प्रत्येक स्थितीखाली ‘दुपारी १२:०५ ची माहिती’ असे लिहावे, आणि ठरवलेली मर्यादा ओलांडली की स्थिती काढून घेऊन विमान कंपनीचा दूरध्वनी क्रमांक दाखवावा.

दुसरी चूक घड्याळाची आहे. विमान वाहतुकीच्या प्रणालींत वेळ बहुधा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते आणि भारतीय वेळ तिच्यापुढे ५ तास ३० मिनिटे आहे. फीडमधील ०९:४० म्हणजे आपल्याकडील दुपारचे ३:१०. हा फरक दिवसाच्या उड्डाणांत लगेच लक्षात येतो, पण मध्यरात्रीनंतर आणि पहाटे ५:३० पूर्वीच्या उड्डाणांत तारीखच एक दिवस मागे राहते. कोल्हापूरहून मुंबईला जाऊन पुढे परदेशी जाणाऱ्याचे दुसरे उड्डाण नेमके याच वेळेत असू शकते.

तिसरी चूक म्हणजे नियम आठवणीतून लिहिणे. सामानात काय चालते याची यादी मूळ परिपत्रकावरून उतरवावी, तिच्याखाली पडताळणीची तारीख टाकावी, आणि दर तीन महिन्यांनी ती पुन्हा पाहण्याची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावावर असावी. ‘सगळ्यांनी पाहायचे’ असे ठरले की कोणीच पाहत नाही.

टप्पा ३: वेळेचे गणित उलटे मांडा

प्रवाशाला हवा असलेला आकडा एकच असतो: घरातून निघण्याची वेळ. तो काढण्यासाठी विमान सुटण्याच्या वेळेपासून मागे यावे. उदाहरणार्थ, मुंबईचे विमान दुपारी ३:१० ला आहे असे धरू. देशांतर्गत उड्डाणासाठी बोर्डिंग गेट सहसा २५ मिनिटे आधी बंद होते, म्हणजे २:४५. चेक-इन काउंटर सहसा ६० मिनिटे आधी बंद होतो, म्हणजे २:१०. सामान टाकायचे असलेल्या प्रवाशाने त्याआधी ४० मिनिटे हाती ठेवून १:३० ला पोहोचावे. गडहिंग्लजहून येण्यास पावणेदोन तास आणि वर २० मिनिटांची सवड धरली, तर निघण्याची वेळ ११:२५ येते. पडद्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत हीच वेळ असावी, ३:१० नव्हे. दोन्ही मर्यादा विमान कंपनीनुसार बदलू शकतात, म्हणून त्या कोडमध्ये पक्क्या लिहू नयेत, कंपनीनिहाय तक्त्यात ठेवाव्यात.

सावधान: उड्डाण एक तास लांबले म्हणून निघण्याची वेळ आपोआप एक तास पुढे ढकलू नये. चेक-इन काउंटर मूळ वेळेनुसारच बंद होऊ शकतो, आणि लांबलेले उड्डाण पुन्हा अलीकडे येण्याचीही शक्यता असते. विमान कंपनीने चेक-इनची नवी वेळ स्पष्ट कळवली असेल तरच निघण्याची वेळ बदलावी. या एका नियमाकडे दुर्लक्ष केल्यामुळे विमान चुकवणारे ॲप तयार होते, आणि त्याची भरपाई कोणत्याही सुंदर पडद्याने होत नाही.

रस्त्याच्या गणितात पावसाळा वेगळा धरावा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ आल्याने पुणे-बंगळूर महामार्ग बंद करावा लागला होता. सांगली, हातकणंगले, पेठ वडगावकडून येणारा प्रवासी अशा वेळी विमानतळापासून अक्षरशः नदीपलीकडे अडकतो. अशा दिवसांत नकाशा सेवेने सांगितलेल्या मिनिटांवर विसंबू नये. ‘शिरोली मार्ग बंद असल्याची सूचना आहे, निघण्यापूर्वी विमान कंपनीशी बोला’ असा संदेश हाताने लावता येईल, अशी सोय कार्यालयातील माणसाकडे असलीच पाहिजे.

तपासणी: पाच गावे, दोन प्रकारचे प्रवासी (सामानासह आणि सामानाविना) आणि तीन स्थिती (वेळेवर, लांबलेले, रद्द) घेऊन तीस उत्तरे कागदावर काढावीत. कोड लिहिल्यावर तीच तीस उत्तरे जुळली पाहिजेत.

टप्पा ४: संदेश आधी लिहा, पडदे नंतर

निघणाऱ्याच्या फोनवर इंटरनेट नसेल हे आपण आधीच मानले आहे, म्हणून मूळ माध्यम एसएमएस आहे. देवनागरीतील एका एसएमएसमध्ये ७० वर्णांची जागा असते, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येकी स्वतंत्र मोजले जातात. मजकूर लांबला की त्याचे भाग पडतात आणि प्रत्येक भागात ६७ जागा उरतात. ‘प्रिय प्रवासी, आपणांस कळविण्यात येते की’ एवढ्यानेच ३९ जागा संपतात आणि प्रवाशाला अद्याप काहीही कळलेले नसते.

त्याऐवजी हा मजकूर पाहावा: ‘तुमचे मुंबईचे विमान दुपारी ४:१० ला सुटेल. चेक-इन मात्र २:१० ला बंद.’ यात ६७ वर्ण आहेत. ‘विमान’नंतर ‘आता’ हा शब्द घालावासा वाटतो, पण तो घातला की ७१ होतात आणि संदेशाचे दोन तुकडे पडतात. ‘मात्र’ काढून चालणार नाही. विमान लांबले तरी काउंटर लांबलेला नाही, ही सगळी गोष्ट त्या एका शब्दावर उभी आहे. साच्यात, म्हणजे संदेशाच्या आधी ठरवलेल्या मजकुरात, संस्थेचे नाव जोडावे लागले तर तेही मोजणीत धरावे, आणि दोन भाग अटळच असतील तर दोन्ही वेळा पहिल्या भागात आणाव्यात.

व्यावसायिक एसएमएसचे साचे दूरसंचार नियमांनुसार आधी नोंदवून मंजूर करून घ्यावे लागतात. ऐनवेळी शब्द बदलता येत नाहीत. उड्डाण लांबणे, अलीकडे येणे, रद्द होणे, विमान दुसरीकडे वळवले जाणे आणि रस्ता बंद असणे, या पाचही प्रसंगांचे साचे पहिल्याच दिवशी नोंदवावेत. बहुतेक गट फक्त पहिला नोंदवतात.

वेळ लिहिताना वाराची काळजी घ्यावी. पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो, तिकिटावरचा मध्यरात्री. ‘सोमवारी रात्री १२:३०’ असे वाचले की घरातली मोठी माणसे सोमवारचे जेवण उरकून निघायची तयारी करतात, आणि विमान तर आदल्या रात्रीच गेलेले असते. अशा वेळी ‘रविवारी रात्री जेवून निघा, विमान १२:३० ला’ असे लिहावे.

उड्डाण रद्द झाल्याच्या किंवा फार लांबल्याच्या संदेशात प्रवाशाचा हक्कही सांगावा. महासंचालनालयाच्या नियमांनुसार ६ तासांहून अधिक उशीर अपेक्षित असल्यास प्रवाशाला पर्यायी उड्डाण किंवा तिकिटाचा पूर्ण परतावा यांतून निवड करता येते. तक्रारीसाठी केंद्र सरकारची एअरसेवा ही सेवा आहे. तिचा दुवा द्यावा, स्वतःची वेगळी तक्रारपेटी उघडू नये.

टप्पा ५: बोर्डिंग पास वाचताना

बोर्डिंग पासवरील बारकोड वाचून माहिती आपोआप भरण्याची सोय उपयुक्त आहे, पण त्याची रचना समजून घेतल्याशिवाय ती करू नये. आंतरराष्ट्रीय मानकानुसार एका उड्डाणाच्या अनिवार्य भागात ६० वर्ण असतात आणि त्यांतील नावासाठी फक्त २० असतात. इंग्रजी स्पेलिंगने ‘घोरपडे’ची आठ अक्षरे, मधली तिरकी रेघ आणि ‘ज्ञानेश्वरी’ची बारा मिळून २१ होतात. शेवटचे अक्षर गळते. म्हणून बारकोडातील नाव आणि नोंदणीतील नाव तंतोतंत जुळलेच पाहिजे, अशी अट घालू नये.

तारीख याहून फसवी आहे. ती वर्षातील दिवसाच्या तीन अंकी क्रमांकाने येते आणि तिच्यात वर्ष नसते. १० ऑगस्ट म्हणजे २२२, लीप वर्षात २२३. एखाद्याने ३१ डिसेंबरला दुसऱ्या दिवशीचा पास वाचला तर त्यात ००१ असते, आणि चालू वर्ष गृहीत धरणारा कोड ते उड्डाण वर्षभरापूर्वीच होऊन गेल्याचे सांगतो. आजच्या तारखेला सर्वांत जवळचा दिवस निवडावा.

टप्पा ६: आता पडदे

येथवर आल्यावर पडदे तीनच लागतात हे लक्षात येते: ‘कधी निघू’, ‘काय सोबत घेऊ’, ‘अडचण आली तर’. टर्मिनलचा नकाशा, दुकानांच्या जाहिराती आणि गुणांच्या योजना पहिल्या आवृत्तीत घेऊ नयेत.

मजकुराची भाषा कोडमध्ये मराठी म्हणूनच नोंदवावी. ती हिंदी नोंदवली गेली तर अनेक फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदी पद्धतीची येतात. दोन ओळींतील अंतर अक्षराच्या आकाराच्या किमान दीडपट असावे, नाहीतर ‘गर्दी’तील रफार आणि वेलांटी वरच्या ओळीला चिकटतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत किमान ४.५ ला १ असावी आणि बटणे अंगठ्याने सहज दाबता येतील एवढी मोठी ठेवावीत. हे पडदे एप्रिलच्या दुपारी उघड्यावर वाचून पाहावेत.

चाकाच्या खुर्चीची मागणी ‘काय सोबत घेऊ’ या पडद्यावर पहिल्या ओळीत असावी, कारण विमान कंपनीला ४८ तास आधी कळवणे अपेक्षित असते. एटीआरसारख्या लहान विमानात पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजींना हे घरीच कळले तर त्या मदत मागतात, विमानापाशी उभ्या असताना संकोचाने मागत नाहीत.

टप्पा ७: संमती

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी त्या अनुसूचीत आहे, त्यामुळे मराठी संमतीपत्र ऐच्छिक समजू नये. वकिली मजकुराचे शब्दशः भाषांतर न करता ‘तुमचा क्रमांक आम्ही या एका प्रवासाचे संदेश पाठवण्यासाठी आणि काही चुकले तर त्याबद्दल विचारण्यासाठी वापरू आणि त्यानंतर पुसून टाकू’ असे सरळ लिहावे, आणि तसेच वागावे. निघणाऱ्याचा क्रमांक मुलाने भरला असेल तर पहिला संदेश वडिलांकडून होकार मागणारा असावा. चेहऱ्याचा फोटो मागूच नये. त्यासाठी डिजियात्रा ही चेहरा ओळखून विमानतळावर प्रवेश देणारी स्वतंत्र, ऐच्छिक व्यवस्था आहे आणि तिची नक्कल करण्याचे कारण नाही.

टप्पा ८: चाचणी, खऱ्या रस्त्यावर

कार्यालयात बसून केलेली चाचणी चाचणी म्हणून धरू नये. पाच-सहा प्रवाशांना त्यांच्या खऱ्या प्रवासाच्या दिवशी सेवा द्यावी. गटातील एकाने त्यांच्यासोबत घरापासून यावे आणि एकाने कार्यालयातून संदेशांवर लक्ष ठेवावे. सोबतच्याने काहीही समजावून सांगू नये. प्रवाशाने फोन पाहून दुसऱ्याला ‘म्हणजे काय रे?’ असे विचारले, तर तो मजकूर बदलायचा आहे.

फीड मुद्दाम बंद करून, खोटी तारीख देऊन, नेट नसलेल्या रस्त्यावर जाऊन आणि दोन उड्डाणे एकाच वेळी लांबवून पाहावे. उड्डाण रद्द झाल्याचा बनावट संदेश मात्र खऱ्या प्रवाशाला कधीही पाठवू नये. ती चाचणी गटातील माणसांच्या फोनवरच करावी.

तपासणी: साध्या फोनवर संदेश एकाच तुकड्यात आला का? निघणाऱ्याने स्वतः वाचला का? सांगितलेल्या वेळेला निघून तो चेक-इन बंद होण्यापूर्वी किती मिनिटे पोहोचला? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे नोंदवहीत गावानुसार लिहावीत, कारण टप्पा ३ मधील सवडीची मिनिटे त्यांवरूनच सुधारायची आहेत.

टप्पा ९: सुरुवात एका मार्गाने

पहिला महिना एकच मार्ग आणि एकच विमान कंपनी घ्यावी. उड्डाणाच्या आधीचे सहा तास एक माणूस फोनवर उपलब्ध असावा, आणि त्याला स्वयंचलित संदेश थांबवण्याचा अधिकार असावा. रोज संध्याकाळी त्या दिवशीचे सगळे संदेश प्रत्यक्ष घडलेल्या वेळांशी ताडून पाहावेत. फरक आढळला तर संबंधित प्रवाशाला दुसऱ्या दिवशी फोन करून नेमके काय झाले ते विचारावे. दुसरा मार्ग जोडण्याचा विचार सलग चौदा दिवस एकही चुकीची वेळ न गेल्यावरच करावा, आणि पावसाळ्यात सुरुवात केली असेल तर शिरोलीचा संदेश एकदा तरी हाताने लावून आणि काढून पाहिल्यानंतर.